पायाखालचा डांबरी थर : मोटारीच्या तळाचा पत्रा कधी उघडा करावा?

मुंबई, प्रतिनिधी –

२६ जुलै २००५ या दिवसाची नोंद सांताक्रूझ वेधशाळेच्या दप्तरी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस अशी आहे. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. शहर आणि उपनगर यांच्यातील ही तफावत सर्वाधिक भोवली ती मिठी नदीच्या आसपासच्या साकीनाका, कुर्ला, कलिना या परिसराला आणि अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या सखल वस्त्यांना. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार ३७ हजारांवर रिक्षा, सुमारे चार हजार टॅक्सी आणि बेस्टच्या नऊशे बसगाड्या निकामी झाल्या होत्या. खासगी मोटारींची गणती याहून वेगळी. पुढचे कित्येक दिवस उपनगरांतील सोसायट्यांच्या आवारात आणि गॅरेजांबाहेर मोटारींची आसने व गालिचे वाळत पडलेले दिसत होते.

गालिचा वाळला, इंजिन सुरू झाले, की मोटार बरी झाली असे समजण्याची आपली पद्धत आहे. परंतु गालिच्याखाली, तळाच्या पत्र्याला चिकटलेला आणखी एक थर असतो. आवाज आणि कंपने दाबण्यासाठी बसवलेला हा थर डांबराचा असतो. पाण्यात बुडालेल्या मोटारीचा हा थर काढावा की राहू द्यावा, काढावा तर कसा, याविषयी मालक अनभिज्ञ असतात आणि गॅरेजवाल्यांत एकमत नसते. कोणी सरसकट सगळा तळ खरवडून काढतो, तर कोणी त्याकडे पाहतही नाही. दोन्ही टोके नुकसानीची आहेत. त्या दिवसानंतरही हा प्रश्न मिटलेला नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला तीनशे मिलिमीटरहून अधिक आणि २ जुलै २०१९ रोजी ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि दोन्ही वेळी उपनगरांतील मोटारी पाण्यात उभ्या होत्या.

थरांची रचना

मोटारीच्या तळाशी साधारण तीन आवरणे असतात. सर्वांत वर साच्यात घडवलेला गालिचा. त्याखाली जुन्या कापडाच्या चिंध्या पिंजून, दाबून केलेला जाड नमदा किंवा फोम. आणि सर्वांत खाली, पत्र्याच्या रंगावर थेट चिकटलेले डांबरी तुकडे. कारखान्यात हे तुकडे सांगाड्याच्या तळावर मांडले जातात आणि सांगाडा रंगाच्या भट्टीतून जाताना तेथील उष्णतेने वितळून पत्र्याच्या उंचसखल भागांवर बसतात. त्यामुळे ते वेगळे लावल्यासारखे न दिसता पत्र्याचाच भाग वाटतात. स्वस्त मोटारींत ते केवळ पुढच्या आसनांच्या पायाशी असतात. महागड्या मोटारींत मागपर्यंत पसरलेले असतात.

या थरांची कामे निरनिराळी आहेत. नमदा हवेतून येणारा आवाज शोषतो. डांबरी थर मात्र आवाज शोषत नाही, तो पत्र्याचे कंपन थोपवतो. स्टीलच्या ताटावर चमचा आपटला की ताट घुमते आणि त्यावर बोट टेकवले की घुमणे थांबते. डांबरी थर हे टेकवलेले बोट आहे. डांबर अर्धवट लवचिक असल्याने कंपनाची ऊर्जा त्यात अल्पशा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. दोन मिलिमीटर जाडीच्या अशा एक चौरस मीटर थराचे वजन तीन किलोच्या पुढे भरते. शर्यतीच्या मोटारी तयार करणारे जगभरचे कारागीर हा थर काढून टाकतात तो याच वजनासाठी, आणि तो काढण्याची सर्वोत्तम पद्धत त्यांच्याकडूनच रूढ झाली. रोज पश्चिम द्रुतगती महामार्गावरून बोरिवली ते अंधेरी असा प्रवास करणाऱ्याने मात्र वजन घटवण्यासाठी हा उद्योग करू नये. इंधनाची होणारी बचत लक्षातही येणार नाही, पण काँक्रीटच्या रस्त्यावरचा टायरचा आवाज लगेच जाणवेल.

पाणी नेमके कोठे अडते?

सर्वाधिक पाणी नमदा पितो. वरचा गालिचा हाताला कोरडा लागला तरी खालचा नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहू शकतो, आणि जुलैतील मुंबईच्या हवेत तो आपोआप वाळण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. त्यातून कुबट वास, बुरशी आणि ज्यांना दमा आहे त्यांना त्रास अशी मालिका सुरू होते. डांबरी थर स्वतः पाणी पीत नाही. तो पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल तर पत्र्याचे रक्षणच करतो. अडचण होते ती त्याची कड सुटल्यावर. मग पत्रा आणि डांबर यांच्या फटीत केसाएवढी जागा पडते, तीत पाणी ओढले जाते आणि हवा न लागल्याने ते तेथून निघत नाही. उपनगरांतील पुराचे पाणी अनेकदा खाडीच्या भरतीने मागे रेटलेले, म्हणजे खारटही असते. अशा फटीत मीठ राहिले की पत्रा वरून धडधाकट आणि आतून पोखरलेला, अशी अवस्था होण्यास दोन-तीन पावसाळे पुरतात.

त्यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. आपल्याकडील मोटारींत वातानुकूलन यंत्राचा थंड होणारा भाग बहुधा डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. त्याचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली, की चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा भिजू लागतो. काचेखालच्या जाळीत गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांचा पाला साचला, की पावसाचे पाणी हवेच्या मार्गानेच आत येते. मुलुंड किंवा बोरिवलीतील झाडांखाली मोटार लावणाऱ्यांनी ही जाळी पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी. तिसरे कारण आपण स्वतः पैसे मोजून विकत घेतो. नवी मोटार आली की ॲक्सेसरीच्या दुकानात गालिच्यावर व्हिनाइलचे ‘लॅमिनेशन’ बसवून घेण्याची प्रथा आहे. पुसायला सोपे म्हणून ते लोकप्रिय आहे, परंतु खाली शिरलेल्या पाण्यावर ते झाकण घालते. डांबरी थराचे आयुष्य कमी करणारी याहून परिणामकारक युक्ती शोधूनही सापडणार नाही.

काढावा की ठेवावा?

याचा निर्णय गालिचा आणि नमदा पूर्ण उचलून, तळ स्वच्छ धुऊन, कोरडा करूनच करावा. नंतर बोटाच्या पेराने थरावर जागोजाग टिचकी मारावी. घट्ट बसलेला थर बद्द वाजतो. पत्र्यापासून सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. प्लास्टिकची पातळ पट्टी कडेखाली सहज शिरत असेल, थराला भेगा असतील किंवा कडेने तांबूस ओघळ दिसत असतील, तर तेवढा तुकडा काढलाच पाहिजे. जेथे थर अखंड आहे, पट्टी शिरत नाही आणि आवाज बद्द येतो, तेथे तो राहू द्यावा. कारखान्यातील भट्टीत बसलेला थर नंतर हाताने चिकटवलेल्या कोणत्याही तुकड्यापेक्षा सरस असतो. शिवाय तो खरवडताना मूळ रंगाला ओरखडा गेला, तर गंज नसलेल्या ठिकाणी आपणच गंजाला वाट करून देतो. ‘सगळे काढून नवीन टाकतो’ असे सांगणाऱ्या कारागिराला प्रथम कोठे थर सुटला आहे ते दाखवण्यास सांगावे.

बाजारातून आणून बसवलेल्या तुकड्यांना मात्र ही सवलत देऊ नये. पाण्यात बुडालेल्या मोटारीतील असे चिकटवलेले तुकडे बहुधा कडेने उचललेले असतात. ते काढणेच इष्ट.

कामाला हात घालण्यापूर्वी

पुराचे पाणी ओसरल्यावर पहिला फोन विमा कंपनीला करावा. चावी फिरवून इंजिन चालते का हे पाहण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी गेले असेल तर तेवढ्यानेच ते कायमचे निकामी होऊ शकते आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मान्य होत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे वेगळे पूरक कलम घ्यावे लागते. सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी गालिचा किंवा डांबरी तुकडे काढून फेकू नयेत. पाणी कोठपर्यंत चढले होते याची छायाचित्रे घ्यावीत. केवळ त्रयस्थ-जोखीम विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही, सर्वसमावेशक विम्यात मिळते. तीतही रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, तो टाळण्यासाठी शून्य-घसाऱ्याचे कलम लागते.

दुसरी खबरदारी प्रकृतीची. मुंबईतील तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हे विसरून चालणार नाही. हातापायाला जखम असेल तर हे काम करू नये. एरवीही रबरी हातमोजे घालूनच भिजलेल्या नमद्याला हात लावावा. सांडपाण्यात भिजलेला नमदा वाळवून पुन्हा घालण्याचा प्रयत्न न करता टाकून द्यावा.

तिसरी खबरदारी विजेची. आसने काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली आहे आणि एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी अनेक मोटारींत गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या उंचवट्यावर, म्हणजे नेमकी आपण जेथे ठोकाठोक करणार तेथेच बसवलेली असते. आसनाखालचे पिवळे जोड एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. ते सोडलेल्या अवस्थेत चावी फिरवली तर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून राहतो आणि तो घालवण्यासाठी कार्यशाळेत जावे लागते. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड मोटारींचा तळ घरी किंवा नाक्यावरच्या गॅरेजात उघडूच नये. तळाखाली उच्च दाबाची बॅटरी आणि नारिंगी रंगाच्या तारा असतात.

थर काढण्याच्या पद्धती

गालिचा एकसंध असतो आणि मधल्या कन्सोलखालून जातो. तो काढण्यासाठी कन्सोल सोडवावा लागतो. घाई असलेले कारागीर गिअरजवळ सुरीने गालिचा कापून काम उरकतात. तसे कापू देऊ नये, कापलेला गालिचा पुन्हा कधीच नीट बसत नाही. तळाच्या पत्र्याला ठिकठिकाणी रबरी बुचे असतात. कारखान्यात रंगाच्या हौदातून बाहेर काढलेल्या सांगाड्यातील द्रव निथळून जावा म्हणून ठेवलेली ही छिद्रे असतात. बुचे काढली की साचलेले पाणी खालून निघून जाते. काढलेली बुचे एका डब्यात मोजून ठेवावीत, कारण एक जरी परत बसवायचे राहिले तरी पुढच्या पावसात रस्त्यावरचे पाणी थेट आत येईल.

डांबर काढण्याचे दोन मार्ग आहेत, थंडीचा आणि उष्णतेचा. थंडीचा मार्ग स्वच्छ आहे. उणे ७८ अंश सेल्सियस तापमानाच्या कोरड्या बर्फाचे तुकडे थरावर दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवले, की डांबर काचेसारखे ठिसूळ होते. मग रबरी किंवा लाकडी हातोडीने हलके ठोकल्यावर ते तडकते आणि खपल्या सुटाव्यात तसे निघते. पत्र्यावरचा रंग शाबूत राहतो. उभ्या बाजूंवर बर्फ टिकत नाही, तेथे त्याचा चुरा कापडात बांधून धरावा लागतो. या बर्फाचे पाणी होत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि तो जड असल्याने मोटारीच्या तळाशीच साचतो. त्यामुळे चारही दरवाजे उघडे ठेवून, उघड्या जागेतच हे काम करावे. तळमजल्याखालच्या बंदिस्त वाहनतळात तर मुळीच करू नये. उघड्या हाताने हा बर्फ धरल्यास कातडी भाजल्याप्रमाणे जखम होते, म्हणून जाड हातमोजे हवेत.

उष्णतेचा मार्ग गॅरेजांतून अधिक दिसतो, कारण त्यासाठी बर्फाची सोय करावी लागत नाही. गरम हवेच्या यंत्राने थर मऊ करून बोथट पटाशीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने उचलायचा. मऊ झालेले डांबर चिकट असते. त्याचा काळा पापुद्रा पत्र्यावर राहतो आणि तो रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावा लागतो. पेट्रोलने पुसण्याची सवय मात्र जिवावर बेतू शकते. बंद जागेत पेट्रोलची वाफ आणि शेजारी तापलेले यंत्र, हा योग कोणी जुळवू नये. मागच्या आसनाखाली बहुतेक मोटारींत इंधनाची टाकी असते, म्हणून त्या भागात उष्णतेचा वापर अजिबात करू नये. तळाच्या खालच्या अंगाने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या गेलेल्या असतात. त्यामुळे वरून धारदार पटाशी ठोकणे किंवा छिद्र पाडणे हेही वर्ज्य.

जुन्या मोटारींच्या बाबतीत आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पूर्वीच्या काळी अशा डांबरी लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळले जात. त्यामुळे जुना थर कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. तो ओला ठेवून, मोठ्या तुकड्यांत काढावा आणि नाकातोंडावर योग्य मास्क असावा.

हल्लीच्या काही मोटारींत डांबरी तुकड्यांऐवजी यंत्रमानवाच्या साह्याने फवारलेला द्रव लेप असतो. तो पत्र्याशी इतका एकजीव असतो की थंडीने वा उष्णतेने सहज निघत नाही. सुटलेला नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

गंज सापडल्यावर

थर निघाल्यावर पत्र्यावर केवळ तांबूस डाग असतील तर ते घासून, फॉस्फोरिक आम्लावर आधारित गंजरोधक द्रावण लावून, वाळल्यावर प्रायमर आणि रंग चढवला की पुरे. नुसत्या लाल ऑक्साइडचा एक हात मारून वर गालिचा टाकणे हा आपल्याकडील सर्वसाधारण उपाय आहे. तो अपुरा आहे, कारण वरचा रंग नसेल तर लाल ऑक्साइडमधून ओलावा झिरपतो. पावसाळ्यातील दमट हवेत प्रत्येक थर वाळायला दुप्पट वेळ द्यावा.

पत्र्यातून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आरपार जात असेल, तर प्रश्न आवाजाचा उरत नाही. आसनांचे बोल्ट आणि सीटबेल्टचे जोड याच तळाला धरून असतात. धडकेच्या वेळी माणसाला जागेवर ठेवण्याचा भार याच पत्र्यावर येतो. तेथे पातळ पत्र्याचे ठिगळ रिबिटांनी मारून चालत नाही. मूळ जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरापर्यंतचे डांबर, नमदा आणि तारा आधी काढल्या पाहिजेत, कारण डांबर पेट घेते. आग विझवण्याचे नळकांडे शेजारी नसेल त्या गॅरेजात हे काम करून घेऊ नये.

या दुखण्याची ओळख कुर्ल्याइतकी जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून निघालेली पद्मिनी अनेक दशके मुंबईची टॅक्सी होती. पायाखालचा सडलेला पत्रा आणि त्यावर अंथरलेली रबरी चटई हे जुन्या पद्मिनींचे नित्याचे दृश्य होते. वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, परंतु खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजूनही आहेत. त्यांचे पुनरुज्जीवन करणाऱ्याने चकचकीत रंगाआधी तळाच्या पत्र्याचा खर्च धरावा.

पुन्हा थर बसवताना

काढलेल्या जागी काहीच न बसवता गालिचा टाकला तर त्या जागेचा पत्रा घुमतो आणि खालून जाणाऱ्या धूरनळीची उष्णताही पायाला जाणवते. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या ब्यूटाइल रबराच्या पट्ट्या आता सहज मिळतात. त्या डांबरापेक्षा हलक्या असतात आणि उन्हात वितळत नाहीत. पत्र्याचा प्रत्येक इंच झाकण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर पट्टी बसली की कंपनाचा बहुतांश बंदोबस्त होतो, म्हणून सबंध मोटारीचे क्षेत्रफळ मोजून दर सांगणाऱ्या दुकानदाराशी थोडी घासाघीस करण्यास हरकत नाही. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा तेलकट वा दमट नसावा. लावल्यावर छोट्या रुळाने दाबून खालची हवा पूर्ण काढावी, आणि निथळण्याची छिद्रे व बुचे पट्टीखाली झाकली जाणार नाहीत हे पाहावे. गच्चीची गळती थांबवण्यासाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त म्हणून मोटारीत वापरण्याचे प्रकार होतात. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती पट्टी मऊ पडते, सरकते आणि तिचा वास कपड्यांना लागतो.

जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी

मोठ्या पुरानंतर विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान ठरवलेल्या मोटारी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात आणि त्या मुंबईतच विकल्या जातील असे नाही. पुणे, नाशिकच्या ग्राहकानेही मुंबईची जुनी मोटार घेताना दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलून गालिच्याची कड वर करून पाहावी. विकणारा त्यास नकार देत असेल तर व्यवहार तेथेच थांबवणे श्रेयस्कर. कडेखाली वाळलेला गाळ, आसनांच्या रुळांत माती, बोल्टच्या डोक्यांवर गंज या खुणा सहसा राहून जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गुंडाळलेल्या भागावर पाण्याच्या पातळीची मळकट रेघ अनेकदा तशीच असते. तळावर एका बाजूला डांबरी थर आहे आणि दुसऱ्या बाजूला उघडा, नव्याने रंगवलेला पत्रा असे दिसले, तर थर का काढला हे विचारावे आणि दुरुस्तीचे बिल मागावे. काळजीपूर्वक काम केलेल्या मालकाकडे थर काढल्याची छायाचित्रे असतात. ती दाखवणाऱ्याची मोटार, तळ कधीच न उघडलेल्या पूरग्रस्त मोटारीपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी.